झुंबर शेवट सांगत नाही

उंबरदऱ्यात एक भोळा राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव त्याला सरळ बावळट म्हणायचं, आणि गावाचं काही चुकत नव्हतं. नाव झुंबर खिल्लारे. अंगानं दणकट, शेतात दोन माणसांचं काम एकटा ओढायचा. फक्त त्याला काही सांगायची सोय नव्हती. सांगितलं की तो ते करायचा.

त्याची आई हौसाबाई. तिला एकच ध्यास, घरात सून यावी. पण झुंबरची कीर्ती आसपासच्या सगळ्या गावांत पोचलेली, त्यामुळे मुलगी दाखवायला कुणी तयार नव्हतं. शेवटी लांबच्या तालुक्यातून एक स्थळ आलं. मुलीचं नाव ऋतुजा. शिकलेली, नाकीडोळी नीटस, आणि अट एकच: मुलगा वाचणारा पाहिजे. नुसता वाचणारा नाही, ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचणारा. या अटीपायी चार मुलं आल्या पावली परत गेली होती. त्यातला एक तर ड्रॅगन म्हणजे गाड्यावरच्या नूडल्सचा प्रकार समजत होता.

हौसाबाईला तरी ड्रॅगन कुठं ठाऊक होता? तिनं झुंबरला समोर बसवलं.

"झुंब्या, हे शेवटचं स्थळ. हे गेलं तर तू असाच राहशील आन् मी सुनेचं तोंड न बघता मरंन. वाचनालयात जा. दमयंतीताई सांगतील तसं कर."

सांगतील तसं कर! त्या माउलीनं दुसरं काहीही म्हणायला हवं होतं.

आता आमच्या वाचनालयात ड्रॅगन आले कुठून, तर तीही एक तऱ्हाच. गावात नळाला पाणी आठवड्यातून एकदा. पण पुण्याला गेलेल्या एका गाववाल्यानं पोराची अडगळ काढली, खोकी भरून पुस्तकं आमच्या माथी मारली आणि वर स्वतःचा सत्कार करून घेतला. त्यात 'ज्वालाग्रीव' नावाची पाच भागांची कादंबरी निघाली. एकेक भाग उशीएवढा. ज्वालाग्रीव म्हणजे एक म्हातारा ड्रॅगन. डोंगरापलीकडे राहतो, आग ओकतो आणि मधूनमधून उपदेश करतो. गावातली शिकलेली रिकामी पोरं दर रविवारी वाचनालयात जमून त्यावर चर्चा करायची. एवढ्याशा पंखांवर एवढं धूड उडेल कसं, यावर एकदा दुपारभर भांडण झालं. मी बाहेर कट्ट्यावर बसून ऐकलंय. ज्यांच्या रानात गुडघाभर गवत माजलं होतं, ते ड्रॅगनच्या पंखांची मापं काढत होते.

दमयंतीताई तिथल्या ग्रंथपाल. बाई मायाळू, पण नियमाला पक्की. पुस्तक पंधरा दिवसांत परत आलं पाहिजे. नाही आलं तर ताई स्वतः दारात हजर. वाचून व्हायचं असेल तर तसं सांगून मुदत वाढवून घ्यायची. त्यांनी झुंबरला सगळे नियम समजावले आणि पहिला भाग हातात ठेवला. पठ्ठ्या गोठ्यात बसून ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. दोनदा मुदत वाढवली, पण वाचून काढला. चर्चा करणाऱ्या निम्म्या पोरांनी तेवढंही केलं नव्हतं, हे मला कबूल करावं लागतं.

मग तो रविवारी चर्चेला गेला. तिथं तुषार बोलत होता. या तुषारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ड्रॅगनचं नाव काढलं की तो गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवतो. त्याचा पहिला भाग अर्धाच झाला होता. ज्वालाग्रीव आता राजकन्येला वाचवणार की खाणार, असा त्यानं सगळ्यांपुढं प्रश्न टाकला. झुंबर म्हणाला, वाचवतो आणि मग मरतो, शेवटच्या पानावर. तुषारनं पुस्तक मिटलं आणि चर्चा अर्धी टाकून उठून गेला.

ताईंनी झुंबरला बाहेर घेतलं.

"झुंबर, शेवट कधी सांगायचा नाही. सुरुवात सांगायची आणि गप्प बसायचं. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. त्यातच मजा असते."

"बरं ताई," झुंबर म्हणाला.

त्याच आठवड्यात तो आबा बोराड्यांच्या मळ्यावरून चालला होता. बघतो तर आबांच्या कडब्याची गंजी पेटलेली. तसाच पळत आबांच्या घरी गेला. आबा ओट्यावर जेवत होते.

"आबा, तुमच्या गंजीवर विडीची ठिणगी पडली."

"मग?"

"पुढचं नाही सांगणार."

"अरे, मग काय झालं?"

"तुमचं तुम्ही बघा. त्यातच मजा असते."

बावळटाचं बोलणं म्हणून आबांनी भाकरी संपवली, हात धुतला, पान लावलं आणि मग सावकाश मळ्याकडे निघाले. तोवर जनावरांची वर्षाची वैरण राख होऊन वाऱ्यावर उडत होती. आबांनी काठी घेतली आणि झुंबरला वाचनालयापर्यंत पळवत आणलं.

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे देवा. आग म्हटलं की विचार करत बसायचं नाही. बोंब ठोकायची, गाव गोळा करायचं आणि हाताला लागेल ते पाणी ओतायचं."

"बरं ताई," झुंबर म्हणाला.

पुढच्या रविवारी तुषार मोठ्यानं वाचत होता. शेवट कळला म्हणून काही त्यानं पुस्तक सोडलं नव्हतं. ज्वालाग्रीवानं जबडा उघडला, वेशीपासून राजवाड्यापर्यंत आगीचा लोळ उठला, एवढं वाचून होतंय तोच झुंबर उभा राहिला आणि आग आग करून अशी बोंब ठोकली की अर्धं गाव घागरी घेऊन धावत आलं. सगळ्यांत पुढं आबा होते. त्यांना अनुभव होता ना! झुंबरनं कोपऱ्यातला माठ उचलला आणि पुस्तकावर पालथा केला. उरलेलं पाणी तुषारवर आणि ताईंवर गेलं.

तुषारनं ते ओलं पुस्तक छातीशी धरून घरी नेलं. पानापानात वर्तमानपत्राचा कागद घालून हलक्या हातानं इस्त्री फिरवली. दुकान बंद ठेवून फिरवली. एवढा बाप्या माणूस पुस्तकाला इस्त्री करत बसलेला मी डोळ्यांनी बघितला आणि मनात म्हटलं, या गावात बावळट एकच नाही.

इकडे ताई पदर पिळत झुंबरला समजावत होत्या.

"ती गोष्ट होती रे. कुणी गोष्ट सांगत असलं की हलायचं नाही. शेवटपर्यंत मान डोलवत ऐकायचं. संपली की टाळ्या वाजवायच्या आणि पुढच्या भागात काय, म्हणून विचारायचं."

"बरं ताई," झुंबर म्हणाला. त्याचं 'बरं' ऐकलं की मला धडकीच भरायची.

थोड्याच दिवसांत आमचे रंगनाथकाका वारले. हौसाबाई झुंबरला घेऊन भेटायला गेली. काकू पदर डोळ्याला लावून सांगत होत्या, संध्याकाळी चहा घेतला, छातीत जड वाटतं म्हणाले, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि बघता बघता गेले. बायका मुसमुसत होत्या. झुंबर मांडी घालून मान डोलवत ऐकत होता. काकू थांबल्या तसा तो टाळ्या वाजवायला लागला.

"झकास, काकू. पुढच्या भागात काय?"

मुसमुसणाऱ्या बायका पदराआडून त्याच्याकडे बघायला लागल्या. काकूंच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा जागच्या जागी थांबलं. मग झुंबरला त्यांची दया आली. रडू नका म्हणाला. ज्वालाग्रीव पण पहिल्या भागात मेला होता, दुसऱ्या भागात आल्या आल्याच जिवंत होतो, चर्चेतल्या एका पोरानं सांगितलंय. हे सांगायला हरकत नाही, सुरुवातच आहे ती.

हौसाबाईनं त्याला कानाला धरून बाहेर काढलं आणि तडक ताईंपुढं उभं केलं. दोन दिवसांवर मुलगी बघायला जायचं होतं. ताईंनी शांतपणे सांगितलं, "अशा वेळी कुणाच्या घरी गेलास की दारातच हात जोडायचे. झालं ते वाईट झालं, धीर धरा, एवढंच म्हणायचं. खाणंपिणं काही घ्यायचं नाही."

यातलं 'अशा वेळी' झुंबरच्या कानावरून गेलं. राहिलं ते त्यानं घोकून ठेवलं.

ऋतुजाच्या घरी तिचे वडील भागवतराव स्वागताला दारात उभे होते. झुंबरनं हात जोडले, मान खाली घातली.

"झालं ते वाईट झालं. धीर धरा."

भागवतरावांनी घाबरून घरात बघितलं. पोहे आले तर झुंबर म्हणाला, अशा घरी मी खात नसतो. हौसाबाईला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण आत ऋतुजा फस्सकन हसली. बाहेर येऊन समोर बसली आणि तिनं विचारलं, 'ज्वालाग्रीव' वाचलंत का? झुंबर म्हणाला, पहिला भाग वाचला.

"शेवट कसा वाटला?"

"शेवट सांगायचा नाही."

ऋतुजा सावरून बसली. तिचे मामेभाऊ, मैत्रिणी, सगळ्यांनी शेवट सांगून सांगून तिच्या पुस्तकांची माती केली होती. आणि हा माणूस लग्न ठरत असताना शेवट सांगत नव्हता! मग बोलता बोलता झुंबरनं तुषारच्या इस्त्रीची गोष्टही सांगितली. पुस्तक भिजवलं कुणी, तिनं विचारलं. मीच, आग लागली होती, झुंबर म्हणाला. ती पोट धरून हसली. शिकलेल्या माणसांचं हे असं. समोर ढळढळीत मूर्खपणा दिसला तरी त्याला विनोदबुद्धी म्हणतात.

तिनं होकार दिला. हौसाबाईनं गावभर पेढे वाटले. आबा बोराड्यांच्या घरी दोन जास्त दिले.

ऋतुजानं होणाऱ्या नवऱ्याला दुसरा भाग पाठवला. झुंबरनं उघडला तर पहिल्याच पानावर ज्वालाग्रीव जिवंत झाला आणि लगेच त्याच्या आजोबांच्या आजोबांची वंशावळ सुरू. पान पुढं सरकेना. बिचारा पुन्हा ताईंकडे गेला. ताई त्या दिवशी खुशीत होत्या, लग्न आपल्यामुळं जमलं असं त्यांना वाटत होतं.

"नाही रमलास तर ओढूनताणून वाचायचं नाही, झुंबर. थोडा वेळ धीर धरायचा. नाहीच जमलं तर ज्याला आवडेल त्याच्या हातात द्यायचं. देताना दोन चांगले शब्द सांगायचे, म्हणजे तो आवडीनं घेतो."

"त्यात लाज नाही ना?"

"त्यात कसली लाज?"

"बरं ताई," झुंबर म्हणाला, आणि दुसरा भाग नेऊन तुषारला दिला. चांगला आहे, जाड आहे, तुला आवडेल, असं सांगूनही दिला. सांगितलेली गोष्ट त्यानं जन्मात पहिल्यांदा जिथल्या तिथं केली होती. ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीसुद्धा टाकला, खोटं कशाला बोलू.

लग्नाला आख्खं गाव गेलं. रविवारची चर्चावाली पोरंही गेली. नवरदेवाचा हार धरायला तुषार झुंबरच्या शेजारी उभा होता. अंतरपाट धरला, पलीकडं ऋतुजा, अलीकडं झुंबर, आणि भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. भटजींचा गळा बरा होता आणि ते त्यांना माहीत होतं. एक कडवं संपलं की दुसरं. मुलीकडच्या दोन बायकांनीही स्वतः रचलेली कडवी आणली होती, त्यात सगळ्या काका-मामांची नावं. आजोबांपर्यंत गेल्या. डोक्यावर मांडव तापलेला. झुंबरनं थोडा वेळ धीर धरला. मग त्यानं मुंडावळ्या सोडल्या, शेजारच्या तुषारच्या कपाळाला बांधल्या आणि त्याला धरून आपल्या जागेवर उभं केलं.

"तुषार, मी नाही रमलो. तू घे. सुरुवात रटाळ आहे, पण तुला आवडेल. शेवट सांगत नाही."

भटजींचा सूर तिथंच तुटला. हौसाबाईच्या हातातल्या अक्षता सांडल्या. तुषार दोन्ही हातांत हार धरून नुसता उभा. तेवढ्यात अंतरपाट खाली झाला. ऋतुजानंच ओढला होता. तिनं झुंबरकडे बघितलं, आणि मला वाटतं, विनोदबुद्धी कशाला म्हणायचं ते तिला तेव्हा कळलं. मग तिनं मुंडावळ्या बांधलेल्या त्या दुसऱ्या माणसाकडे बघितलं.

"इस्त्री करणारे तुम्हीच का?"

"हो."

"दुसरा भाग वाचलात?"

"परवाच संपवला. वंशावळ दोनदा वाचली."

ऋतुजानं वडिलांकडे बघितलं. भागवतरावांनी तुषारच्या बापाकडे बघितलं. आतमध्ये पाचशे माणसांचा भात शिजला होता. दोन्ही घरचे मांडवाच्या कडेला जाऊन बोलले, घर पाहुण्यांतलंच निघालं, आणि ऋतुजा भटजींना म्हणाली, "पुढचं म्हणा."

लग्न लागलं. झुंबरनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या आणि पहिल्या पंगतीला पोटभर जेवला. हौसाबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत तिची सून दुसऱ्याच्या घरी चालली होती.

"आरं, काय केलंस हे?"

"दिलंय वाचायला," झुंबर म्हणाला. "पंधरा दिवसांत परत येईल."

पंधराव्या दिवशी तो तुषारच्या दारात जाऊन उभा राहिला. दार ऋतुजानं उघडलं. झालं का वाचून, त्यानं विचारलं. ऋतुजा मुळीच हसली नाही.

"मुदत वाढवून घेतलीय," तिनं सांगितलं आणि दार लावलं.

नियम तो नियम. झुंबर घरी आला आणि आईला म्हणाला, मुदत वाढलीय, काळजी करू नको. त्यानंतर दर पंधरवड्याला तो न चुकता जायचा, ऋतुजा न चुकता मुदत वाढवायची आणि हौसाबाई न चुकता कपाळ बडवून घ्यायची. असं वर्ष उलटलं. परवा मात्र तो तुषारच्या घरून उड्या मारत आला. तिथं ओसरीवर पाळणा बांधलेला त्यानं बघितला होता, आणि पाळण्यात काय आहे तेही वाकून बघितलं होतं.

"आई, थांबलो ते बरं झालं," तो म्हणाला. "दुसरा भाग आलाय. आता दोन्ही एकदमच मिळतील."