मुंगी काही हटेना

ऐका रे ऐका! हात मांडीवर, कान माझ्याकडे.

दूर आफ्रिकेत एक डोंगर होता. डोंगराच्या उतारावर मुंबुआ मावशीचं शेत होतं. शेतात एक मुंगी राहायची. मुंगी तिळाएवढी, पण ठसका केवढा!

मुंगीने पेरला चवळीचा एक दाणा. आला पाऊस, धो धो धो! उतारावरून पाणी पळालं, खळ खळ खळ! माती नेली. मातीबरोबर चवळीही नेली.

मुंगी चिडली. "ए पाण्या, थांब! माझी चवळी दे!"

पाणी म्हणालं, "मी थांबेन तेव्हा देईन. बांध मला अडवत नाही. मग मी कशाला थांबू?"

"अस्सं? बघतेच!"

निघाली मुंगी. तुरु तुरु तुरु.

वाटेत भेटला बांध. मातीची बुटकी भिंत. बिचारा पार खचलेला.

"बांधा, बांधा, पाण्याला अडव.
पाणी थांबेना,
चवळी मिळेना,
अन् मी काही हटेना!"

बांध म्हणाला, "गवत मला धरत नाही. मग मी कशाला अडवू?"

"अस्सं? बघतेच!"

निघाली मुंगी. तुरु तुरु तुरु.

वाटेत भेटलं गवत. शेंडा गायब, नुसतेच बुडखे.

"गवता, गवता, बांधाला धर.
बांध अडवेना,
पाणी थांबेना,
चवळी मिळेना,
अन् मी काही हटेना!"

गवत म्हणालं, "बकरी मला सोडत नाही. मग मी कशाला धरू?"

"अस्सं? बघतेच!"

निघाली मुंगी. तुरु तुरु तुरु.

वाटेत भेटली बकरी. कचर कचर कचर!

"बकरीताई, बकरीताई, गवताला सोड.
गवत धरेना,
बांध अडवेना,
पाणी थांबेना,
चवळी मिळेना,
अन् मी काही हटेना!"

बकरी म्हणाली, "मावशी मला चारा देत नाही. मग मी कशाला सोडू?"

"अस्सं? बघतेच!"

निघाली मुंगी. तुरु तुरु तुरु.

वाटेत भेटली मुंबुआ मावशी. डोक्यावर मक्याची टोपली. निघाली होती बाजाराला.

"मावशी, मावशी, बकरीला चारा दे.
बकरी सोडेना,
गवत धरेना,
बांध अडवेना,
पाणी थांबेना,
चवळी मिळेना,
अन् मी काही हटेना!"

मावशी हसली. "अगं चिमुरडे, उतारावरची माती जायचीच. चारा आणू, बांध घालू, आणि मला काय मिळणार?"

काय मिळणार? अरे देवा! मुंगी अशी भडकली! पायावरून चढली, पाठीवरून चढली, थेट टोपलीत.

"बघ तुझी टोपली! मका तळाला गेलाय! मागे ही टोपली भरून सांडायची. माती गेली, मका गेला. आता तू कधी जातेस? मी इथेच बसणार! बाजारात ओरडणार! मावशीची टोपली रिकामी, मावशीची टोपली रिकामी!"

मावशीने टोपली उतरवली. आत बघितलं. हसू पळालं.

"खरंच गं," मावशी म्हणाली. आणि तिने उचलली कुदळ.

खण खण खण! मावशीने चर खणला. माती खाली फेकली, धप्प! खाली फेकणं सोपं ना!

"खाली नको!" मुंगी ओरडली. "खालची माती पाणी पळवतं. वर फेक!"

"वर जड जातं गं."

"जड जाऊ दे! वर!"

शेजारणी आल्या. त्यांनीही कुदळी उचलल्या. वर! वर! वर! चराच्या वर बांध उभा राहिला, चांगला गुडघाभर.

मग काय!
मावशीने चारा दिला,
बकरीने गवत सोडलं,
गवताने बांध धरला.

आला पाऊस, धो धो धो! पाणी आलं, खळ खळ खळ!

"सरक गं मुंगे! मला जाऊ दे!"

बांधावर मुंगी उभी. सहाही पाय रोवून.

"नाही सरकत, जा!"

पाणी बांधावर आपटलं, धडाम! आणि थांबलं. गपचूप जमिनीत मुरलं. माती खाली बसली. आणि मातीतून काय आलं? टुपकन चवळी!

मुंगीने चवळी पेरली. वेल आला, फुलं आली. मावशीचा मका मावशीपेक्षा उंच झाला! बाजाराला जाताना एक टोपली पुरेना. दुसरी शेजारणीकडून आणली. मका विकला, घरावर नवे पत्रे आले. आता पाऊस आला तरी घर गळत नाही.

मावशीने चवळीची पहिली शेंग तोडली. मुंगीपुढे ठेवली. "घे गं मुंगे, तुला बक्षीस."

"बक्षीस?" मुंगी म्हणाली. "बक्षीस कसलं? माझीच आहे ती!"

आणि शेंग ओढत निघाली घरी. तुरु तुरु तुरु.

पाणी मुरलं शेतात, गोष्ट मुरली पोटात. आता ओरडा बघू सगळे: मी काही हटेना!