बाभूळखडीच्या तळ्यावर घोंगड्या का झोडतात

बाभूळखडीला पाहुणे येतात ते तळं बघायला नव्हे. तळं तसं लहानच, म्हशी डुंबायला लागल्या तर दहाव्या म्हशीला जागा उरणार नाही. पाहुणे येतात होळीनंतरच्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी तळ्याच्या बांधावर गावातल्या झाडून सगळ्या घोंगड्या उन्हात पसरलेल्या असतात आणि बायका हातात काठ्या घेऊन त्या झोडत असतात. धुरळा इतका उडतो की पलीकडचं देऊळ दिसत नाही.

मग पाहुणे विचारतात. एक म्हणतो, विकायच्या आहेत का? दुसरा म्हणतो, हा काही नवस असतो का? तिसरा बहुधा शिकलेला असतो, तो काहीच विचारत नाही. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असं म्हणून आपली आपणच मान डोलावतो. गावातली जाणती माणसं त्याच्याकडे बघून कपाळाला हात लावतात. थेंबाथेंबाने साचवायचं काम हौसाक्काने तेरा वर्षं केलं होतं, आणि त्याचं काय झालं हेच तर सांगायचं असतं. पण सांगू देतील तर ना.

फार जुनी गोष्ट आहे. किती पिढ्या झाल्या यावर गावात एकमत नाही, कोणी सात म्हणतं, कोणी नऊ. तेव्हा इथे धुळाप्पा नावाचा सनगर राहायचा. सनगर म्हणजे घोंगड्या विणणारे. त्याची बायको हौसा. बापाने नाव हौसा ठेवलं, पण हौस करायला देवाने नवरा दिला. धुळाप्पा मनाचा चांगला, पण हाताचा सैल. बाजारला घोंगडी विकायला गेला की निम्मा बाजार घरी घेऊन यायचा आणि उरलेला निम्मा ओळखीच्यांना खाऊ घालायचा. एकदा त्याने पितळेचं घुंगरू आणलं.

“अवं, ह्ये काय करायचं?” हौसाने विचारलं. “आपल्या दारात शेरडू तरी हाय का?”

“नसंना,” धुळाप्पा म्हणाला. “आणू की कवातरी.”

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

गावाला तेव्हा पाणी नव्हतं. खाली दरीत एक झरा होता, दीड कोस उतार आणि परत येताना तेवढाच चढ. लग्नानंतरच्या दुसऱ्या वैशाखात हौसा डोक्यावर हंडा घेऊन तो चढ चढत होती. पोटुशी होती. मधेच ती खाली बसली, आणि उठली तेव्हा पोटातलं गेलेलं होतं. घरी पोचल्यावर तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो हंडा सांडला का, असा, असं सांगतात. हौसा ते विसरली नाही.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. नाव ठकू. बारशाच्या दिवशीच हौसाने बिरोबापुढे जाऊन सांगितलं, “ज्या वाटंवर माझं पयलं गेलं, त्या वाटंनं माझी लेक हंडा आणणार न्हाय.”

त्याच सुमाराला वडारांचा एक तांडा माळावर उतरला होता. त्यांचा म्होरक्या यल्लाप्पा, दगडमातीची कामं करणारा जुना जाणता माणूस. गावाच्या वरच्या अंगाला एक खळगा होता, तिथे कुसळंसुद्धा धड उगवत नसत. यल्लाप्पाने त्यात पहार आपटून बघितली आणि म्हणाला, “खाली कातळ हाय. खोल करून भिंत घातली तर पाणी ऱ्हाईल. बारा घोंगड्या द्या, आन् काम हुईस्तवर भाकरी.”

खळगा पाटलाचा होता, पण पाटलाची ना नव्हती. भाकरी द्यायलाही गाव तयार झालं. बारा घोंगड्या म्हटल्यावर मात्र सगळ्यांना अचानक आपापली कामं आठवली. मागे एकटी हौसा उरली. ती यल्लाप्पाला म्हणाली, “बारा झाल्या की निरोप धाडते.”

विकायच्या घोंगड्यांना तिला हात लावता येत नव्हता. त्यांच्यावर घर चालत होतं आणि घरावर धुळाप्पा चालत होता. मग तिने काय केलं? संध्याकाळी मेंढरं बाभळीतून परत येत, तेव्हा त्यांच्या अंगाची लोकर काट्यांना अडकून राही. ती कोणाचीच नसे. ठकूला पाठीशी बांधून हौसा रोज ती वेचायला जाई. चिमूट मिळे, कधी मूठ. हाताला काटे लागत ते वेगळेच. सुताला खळ लावायला चिंचोके लागतात, तेही तिने लोकांच्या झाडाखालून वेचून आणले. भाकरीवर तेल बंद केलं. सणाला नवं लुगडं बंद केलं. असं करत करत वर्षाला एक घोंगडी जादा निघे.

ती ठेवायची कुठे? धुळाप्पाच्या हाताला लागली तर आठवडी बाजारात तिचं घुंगरू झालं असतं. हौसाच्या घरात धान्याची एक रिकामी कणगी होती, बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली. दरवर्षी वरचं तोंड फोडून ती घोंगडी आत सोडायची आणि तोंड पुन्हा लिंपून टाकायची. बारा पुऱ्या होईपर्यंत एकीलाही अंग लावायचं नाही, लावू द्यायचं नाही, असा तिचा नेम होता. नेम म्हणजे नेम. पुसाच्या थंडीत ठकू फाटक्या वाकळेत कुडकुडायची आणि म्हणायची, “आये, एक दे की गं काढून.”

“त्या पांघरायच्या न्हाईत,” हौसा सांगे. “त्या पाण्याच्या हायती.”

घोंगड्या विणणाऱ्याची पोर बिनघोंगडीची झोपली. गावाने नावं ठेवली. कवडीचुंबक म्हटलं. हौसाने ऐकून घेतलं.

आणि चौथ्या वर्षी धुळाप्पाने घोटाळा केला. त्याचा एक जिवाचा दोस्त होता, शिदू धनगर. दिवाळी झाली की शिदू मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि आठ महिने उघड्यावर काढायचा. त्या साली त्याची घोंगडी ओढ्यात वाहून गेली. हौसा लोकर वेचायला गेलेली बघून धुळाप्पाने कणगी फोडली, एक घोंगडी काढून शिदूच्या खांद्यावर टाकली आणि कणगी लिंपून ठेवली. लिंपणंही धड जमलं नव्हतं. हौसाला उंबऱ्यातूनच कळलं.

“माझ्या लेकीच्या पाण्यातली हुती ती!” असं म्हणून तिने जो आकांत केला, तो खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेला म्हणे.

“अगं, नुसती पडून तर हुती,” धुळाप्पा म्हणाला.

पुढल्या आषाढात शिदू परत आला तो उपकाराची फेड म्हणून कवळाभर, दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढी, लोकर घेऊन. हौसाने तोंड फिरवलं. चोरीच्या घोंगडीची लोकर तिला नको होती. दरवर्षी शिदू कवळाभर लोकर आणी, हौसा तोंड फिरवी आणि धुळाप्पा ती लोकर विकून जत्रा करी. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तसं हे. फक्त इथे आंधळीला पीठ दिसत होतं, पण रागापायी ती तिकडे बघत नव्हती.

ठकू मोठी झाली. तिच्या वयाच्या पोरी कधीच्या झऱ्याच्या वाटेला लागल्या होत्या. हौसा मात्र दोघींच्या खेपा एकटी घाली. एक घोंगडी गेली म्हणून तिने आणखी एक वर्ष दात आवळून काढलं. बारावी घोंगडी आत सोडली आणि त्याच दिवशी यल्लाप्पाला निरोप धाडला. वडार आले, माळावर पालं पडली. सगळं गाव हौसाच्या दारात गोळा झालं. ज्यांनी कवडीचुंबक म्हटलं होतं ते सगळ्यांत पुढे उभे.

हौसाने कणगी फोडली. वरची घोंगडी चांगली निघाली, ती त्याच वर्षीची होती. दुसरी हातात घेतली तर तिची चाळण झालेली. तिसरी उचलता उचलता मधून तुटली. त्याखाली घोंगड्या नव्हत्याच. काळा भुसा होता आणि त्यात लोकर खाणारी कसर वळवळत होती. हौसा कोपरापर्यंत हात घालून चाचपत राहिली. तिला बाजूला व्हा म्हणायचं धाडस कोणाला झालं नाही.

विणणाऱ्याच्या घरात घोंगडी वर्षभर कधी राहतच नाही. मागावरून उतरली की बाजारला जाते. लोकर, सूत, खळ, सगळं हौसाला तळहातासारखं ठाऊक होतं, पण घोंगडी राखायची कशी हे तिला कधी शिकावंच लागलं नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो शिदू गर्दीत मागे उभा होता. त्याच्या खांद्यावर तीच घोंगडी होती, नऊ वर्षं वापरलेली आणि एक भोक नसलेली.

हौसाने ती बघितली. “ही कशी वाचली रं?” तिने विचारलं.

“वयनी, ही रोज अंगावर आसती,” शिदू खाली बघत म्हणाला. “रोज झाडतो, उनात टाकतो. कसरीला बसायला जागाच घावत न्हाय.”

हौसाला त्या वेळी कसरीपेक्षा जास्त राग धुळाप्पाचा आला, असं सांगतात. जन्मात एकदा त्या माणसाच्या हातून शहाणपण घडलं, तेही त्याला न कळता. आणि त्याहून राग तिला स्वतःचा आला. नऊ वर्षं कवळाकवळाने लोकर दारात येत होती आणि आपण तोंड फिरवत राहिलो. ती ओसरीवर बसली आणि मोठ्याने रडली. वडारांनी पालं मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूने न विचारता हंडा उचलला आणि ती झऱ्याच्या वाटेला लागली.

मग हौसाने रीत बदलली. काटकसर सोडली नाही. भाकरीवर तेल पुन्हा आलं नाही आणि बाभळीतली लोकर वेचणंही थांबलं नाही. बदललं ते एवढंच, की कणगी तिने चुलीत घातली. दिवाळीला शिदूच्या तांड्याकडे गेली आणि उरलेली चांगली घोंगडी एका धनगराच्या अंगावर टाकली. “वापरायची, झाडायची, उनात टाकायची. येताना कवळाभर लोकर आणायची,” असं बजावलं. शिदूचीही लोकर आता ती मोजून घेऊ लागली. चार कवळ्यांत एक घोंगडी होई, ती पुन्हा कोणाच्यातरी अंगावर जाई. लोकर गोळा करायला तिने धुळाप्पालाच लावलं, कारण त्याला सगळा माळ ओळखत होता आणि त्याला कोणी नाही म्हणत नसे. जत्रेला त्याला वर्षातून एकदा जायची मुभा होती. घुंगरू आणायची नव्हती.

तिसऱ्या वर्षी ठकूचं लग्न झालं आणि ती सासरी गेली. ती तीन वर्षं तिने रोज तो चढ चढला.

सातव्या वर्षी बारा घोंगड्या बारा धनगरांच्या अंगावर होत्या आणि घरात एकही नव्हती. हौसाने त्या माघारी मागवल्या आणि यल्लाप्पापुढे ठेवल्या. “वापरलेल्या हायती,” ती म्हणाली.

यल्लाप्पाने एकेक उलगडून उजेडात धरली. “नव्या आसत्या तर घेतल्या नसत्या,” तो म्हणाला आणि पहार घेऊन खळग्यात उतरला.

तळं झालं. पहिल्याच पावसाळ्यात गळ्यापर्यंत भरलं. त्या हिवाळ्यात ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, पोटुशी, सातवा महिना. आल्या आल्या तिने सवयीने हंड्याला हात घातला. हौसाने तिचा हात धरला, तिला वर बांधावर घेऊन गेली आणि पाणी दाखवलं. गावातल्या सुना खाली हंडे भरत होत्या, हसत होत्या.

“लई पाणी हाय गं आये,” ठकू म्हणाली. “माझ्या टायमाला नव्हतं.”

हौसाने कोणा सुनेला सांगितलं नाही, ती स्वतः पदर खोचून पाण्यात उतरली, हंडा भरला आणि वर येऊन लेकीच्या पायाशी ठेवला. “उशीर झाला गं बाय,” एवढंच म्हणाली. “म्या कोंडून ठिवलं.”

त्या होळीनंतर पहिल्या रविवारी ती घरोघर गेली आणि लोकांच्या पेट्या, कणग्या, उतरंडी उघडायला लावल्या. जे जे पडून होतं ते बांधावर आणवलं आणि स्वतः काठीने झोडलं. लोक चिडले, हसले, वरातीमागून घोडं म्हणाले. पण आले.

बाभूळखडीत अजूनही पेटीला कुलूप लावत नाहीत. नव्या सुनेला मिळालेली घोंगडी पहिलं वर्ष दुसऱ्या कोणाला तरी वापरायला द्यावी लागते, आणि ती परत येते तेव्हा सोबत काहीतरी येतंच. झोडून झालं की गावातून सासरी गेलेल्या लेकी, ज्या त्या दिवशी मुद्दाम बोलावून आणलेल्या असतात, त्या बांधावर ओळीने बसतात. त्यांनी हंड्याला हात लावायचा नसतो. प्रत्येकीची आई खाली उतरते, कितीही म्हातारी असली तरी, आणि पाणी भरून लेकीपुढे ठेवते. आईने म्हणायचं ते ठरलेलं आहे, “उशीर झाला गं बाय.”

लेकीने काय म्हणायचं ते मात्र कोणी ठरवून दिलेलं नाही. काही हसतात, काही आईचे ओले हात पुसतात. काहीजणी नुसतं पाणी पितात, आणि आई उत्तराची वाट बघत उभी राहते.