कावळ्याच्या गळ्यात मारलेलं खोटं

फार फार जुनी गोष्ट आहे, पण सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं.

नदीकाठच्या एका गावात टोपल्या विणणारा एक बुरूड राहायचा. त्याची बायको तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यानं आपल्या सात वर्षांच्या लेकीला, तानीला, आत्याच्या गावी धाडलं. आठ दिवसांत बायको गेली. तेरावा उरकला आणि मगच तानीला घरी आणलं.

"आई कुठंय?" तिनं दारातच विचारलं.

बाप तोंड फिरवून बांबू आवरू लागला. शेजारची काकू पुढे झाली. "मामाच्या गावाला गेलीय हो. छपरावर कावळा ओरडला की समजायचं, आली!"

कावळा ओरडला की पाहुणा येतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साऱ्या गावाला ही थाप फार आवडली. जो तो तानीला तेच सांगू लागला आणि लेकराचं मन राखलं म्हणून स्वतःची पाठ थोपटू लागला. शहाणी माणसं!

कावळा काय, रोजच ओरडतो. तानी रोज आपल्यातली अर्धी भाकरी आईसाठी झाकून ठेवायची. संध्याकाळपर्यंत ती वाळून कडक व्हायची. महिना झाला, पोरीचे गाल बसले. आपलं काहीतरी चुकलं, म्हणून आई न सांगता निघून गेली, असं तिच्या मनानं घेतलं. आणि मोठी माणसं म्हणत होती, पोरगी किती समजूतदार आहे, एकदासुद्धा रडली नाही.

एके सकाळी कावळा ओरडला आणि तानीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं दगड उचलून भिरकावला. "खोटारड्या! रोज येणार म्हणतोस!"

कावळ्याचा पंख खरचटला. तोही भडकला. "मी कधी म्हटलं? थापा मारल्या तुझ्या माणसांनी आणि दगड मला? तुझी आई मेली, पोरी. दहाव्याला नदीवर तिच्या पिंडाला मीच शिवलो. तुझा बाप तिथं ढसाढसा रडत होता."

तानी धावत घरात गेली. बाप बांबू तासत बसला होता.

"आई मेली ना?"

"कुणी सांगितलं तुला?" बाप गरजला. "जीभ हासडतो त्याची!"

"बा, तू का नाही सांगितलंस?"

तिनं त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या, नवीकोरी टोपली पायाखाली तुडवली. काकू आवरायला धावली, तशी बापानं तिला हातानंच थांबवलं. त्यानं मुकाट मार खाल्ला. मग म्हणाला, "हो, मेली. ताप उतरलाच नाही. तुझं काही चुकलं नाही, पोरी. मलाच सांगायचं धाडस झालं नाही." दोघं गळ्यात पडून रडली. त्या दिवशी तानी पोटभर जेवली.

इथं थांबलो तर तुम्ही खूश होऊन घरी जाल. पण मी थांबणार नाही.

पुढे कितीतरी वर्षं बाप टोपल्या घेऊन बाजाराला निघाला की तानी त्याचं धोतर घट्ट धरायची. "संध्याकाळी येतो गं," तो म्हणायचा.

"खरंच येणार, का तूही मरायला चाललास?" ती विचारायची.

तो शपथा घ्यायचा. तिचा विश्वास बसायचा नाही. तो परतेपर्यंत ती पाण्याचा घोटही न घेता उंबऱ्यावर बसून राहायची.

बोध एवढाच: लेकराला दुःखापासून कुणी वाचवू शकत नाही, पण खोटं सांगून त्याला त्या दुःखात एकटं टाकू नये.