तळ्यात डोकावायचा दिवस

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा ढग इतके खाली यायचे, की बायका वाळत घातलेली लुगडी चाचपडत शोधायच्या. खोटं वाटतंय? मग डोळे मिटून ऐका, म्हणजे दिसेल.

अशाच एका ढगांतल्या गावात एक तळं होतं. सोळावं लागलेल्या मुलामुलींनी चैत्री पौर्णिमेच्या सकाळी त्यात डोकावायचं, अशी रीत होती. पाण्यात जे दिसेल, ते आयुष्यभराचं काम. आणि ज्याला काहीच दिसणार नाही, त्याने वर्षभर लांबच्या माळावर एकट्याने गुरं राखायची.

भिवरा नावाच्या मुलीला या माळाचीच धास्ती होती. एकटं राहणं तिला ठाऊकच नव्हतं. सकाळी शेजारी मीठ मागायला गेली, की दुपारी चार घरांच्या बातम्या घेऊन परतायची, मीठ विसरून. "हिचं बूड काही एका जागी टेकत नाही!" आई कपाळावर हात मारून म्हणायची.

पौर्णिमेला महिना उरला, तेव्हा भिवरा गुपचूप तळ्यावर गेली. वाकवाकून पाहिलं. हिरवं, गढूळ पाणी. स्वतःचं नाकसुद्धा दिसेना. तिला रडूच फुटलं.

"रडू नकोस गं, पाणी खारट व्हायचं," शेवाळातून एक म्हातारं कासव म्हणालं. "गेली कित्येक वर्षं इथे कुणालाच काही दिसलेलं नाही. माळावर जायला नको म्हणून सगळे थापा मारतात."

"अगोबाई! पण पाणी असं झालं कसं?"

"बघायला सगळं गाव येतं, पोरी. गाळ काढायला कोण येतंय? माझा तर जीव गुदमरतो. यंदाचा उन्हाळा काही मी काढत नाही."

भिवराला फार वाईट वाटलं. ती परकर खोचून पाण्यात उतरली. पण एक घमेलं गाळ उपसावा, तर दोन घमेली परत आत घसरत. "हे एकटीचं काम नव्हे," ती म्हणाली आणि थेट गावात पळाली.

ती दारोदार हिंडली. रुसलेल्यांना हसवलं, आळशांना हाताला धरून ओढलं, अबोला धरलेल्या दोन घरांना मुद्दाम एकच घमेलं दिलं. तिच्या बरोबरीची मुलं तर सगळीच आली. रोज सकाळी तळ्यावर माणसं दिसत नसत. ढगातून नुसती गाणी आणि हसणं ऐकू येई.

आणि काय गंमत! एक मुलगा गाळातल्या चिकणमातीचे बैल करू लागला, ते त्याला सोडवेचना. एक मुलगी कुणाचा पाय कापला की पाला वाटून बांधायला धावे. एकाने ढासळलेल्या पायऱ्या दगड निवडनिवडून बसवल्या. तळ्यात डोकावायचं कुणाला आठवलंसुद्धा नाही.

पौर्णिमा उजाडली. तळं नितळ झालं होतं. कासव मधोमध ऐटीत पोहत होतं. गावचे म्हातारबा काठावर उभे राहून म्हणाले, "या रे, डोकावा!"

कुणी पुढे येईना.

"बाबा, माती भिजवून ठेवलीय. जाऊ मी?"

"मला एकाची जखम धुवायचीय."

"एक पायरी राहिलीय बघा."

म्हातारबा मिशीत हसले. मग भिवराकडे वळले. "आणि तू गं?"

भिवराचा चेहरा उतरला. "या सगळ्यांना आपापलं काम सापडलं, बाबा. आणि मी केलं तरी काय? नुसती दारं ठोठावली. माळावर मलाच जायला हवं." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात शेजारच्या गावचा एक माणूस धापा टाकत आला. "आमची विहीर गाळाने भरलीय हो. पण गाव काही एक होत नाही. माणसं गोळा करणारं आहे का कुणी तुमच्याकडे?"

सगळ्या गावाने एकदम भिवराकडे बोट दाखवलं.

"घेऊन जा हिला!" आई म्हणाली. "हिचं बूड काही एका जागी टेकत नाही." पण या वेळी ती पदराने डोळे पुसत होती.

भिवरा हसत ढगात दिसेनाशी झाली. माळावरची गुरं त्या वर्षापासून गावाने पाळीपाळीने राखली. आणि चैत्री पौर्णिमेला मुलं तळ्यात डोकावेनाशी झाली. ती गाळ काढू लागली.

म्हणून सांगते, आपण कोण आहोत हे स्वतःकडे टक लावून बघितल्याने कळत नाही; गावाच्या कामाला हात लावला, की ते आपोआप कळतं.