आडकाठीमावशी

एका जंगलात, जुन्या जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं आणि त्या पोळ्यात एक वयस्क माशी राहत असे. मध आणणं तिचं काम नव्हतं, मेण घडवणंही नव्हतं. पोळं पुरेसं वाढलं की बांधणाऱ्या माशीला डोक्यानं हळूच ढुशी द्यायची आणि म्हणायचं, "पुरे गं बाई, आता दुसरं काम बघ." आता तुम्हीच सांगा मुलांनो, 'पुरे' म्हणणारं कुणाला आवडतं? तरण्या माश्यांनी तिचं नाव आडकाठीमावशी पाडलं होतं.

त्या वर्षी फुलांचा नुसता सुकाळ झाला आणि बांधणाऱ्या माश्यांना भलताच चेव चढला. मावशीनं एकीला ढुशी दिली, तशी ती फणकारली, "मावशी, तुला आमची भरभराट बघवत नाही!"

"अगं, पोळ्याच्या पदरांमध्ये येण्याजाण्याची वाट राहू दे. आत पिल्लं आहेत," मावशी म्हणाली.

"वाटेनं काय पोट भरतं?" असं म्हणून सगळ्यांनी मिळून तिला बाहेर हुसकलं. मावशीच्या मनाला ते फार लागलं. तरी ती ढोलीसमोरच्या फांदीवरून हलली नाही, कारण तिचा जीव पिल्लांत अडकला होता.

आत खोलीला खोली चिकटत गेली आणि बघता बघता वाटच बुजली. पिल्लांना भरवायला निघालेल्या माश्या मेणाच्या भिंतीवर थडकून परत आल्या. पलीकडे पिल्लं भुकेनं वळवळत होती. बांधणाऱ्या माश्यांना ठाऊक काय, तर एकच काम! जागा कमी पडत असेल म्हणून त्यांनी आणखी बांधलं.

शेवटी ती फणकारणारी माशीच मान खाली घालून, खोडावरून चालत चालत फांदीवर आली. "मावशी, चुकलं आमचं. पिल्लं जातील गं."

मावशी तडक उठली. आत शिरून तिनं एकेकीला ढुशी दिली. "पुरे. तू भिंत कुरतड. पुरे. तू पिल्लांना भरव." वाट मोकळी झाली. काही पिल्लं दगावली होती, पण बरीचशी वाचली. फणकारणारी मात्र सवयीनं अजून मेण थापतच होती.

"पुरे. तू बाहेर जा, फुलं शोध," मावशी म्हणाली.

"मला कुठं उडता येतं?"

"थांबलीस कधी, म्हणजे कळेल?"

माशी थांबली. तिनं पंख हलवून पाहिले आणि ती उडाली.

मुलांनो, बाळाचा मेंदू घडतो तेव्हा त्याच्या पेशीही अशाच भराभर वाढतात. काही जनुकं त्यांना 'पुरे' म्हणतात, तेव्हा कुठे त्या आपापल्या जागी जाऊन पाहण्याच्या, बोलण्याच्या, आठवण्याच्या कामाला लागतात. ती जनुकं बिघडली, तर वाढीची गाठ होऊ शकते.

तात्पर्य : वेळेवर 'पुरे' म्हणणारा वाढीचा वैरी नसतो; त्याच्यामुळेच वाढ कामी येते.