देवाला आवतण

भैरोबाच्या डोंगराखाली एक इनामदार राहत. तूप-पोळीने देह असा सुटलेला, की डोंगराचं नाव काढलं तरी घाम फुटे. एके दिवशी त्यांनी हुकूम सोडला, "देव खाली आणा, आमच्या दारात बसवा!"

डोंगरावरच्या वाडीच्या तोंडचं पाणी पळालं. देव गेला की जत्रा गेली, मग वाडीत उरणार काय?

देवळातली म्हातारी गुरवीण भागूबाई मात्र हसत खाली उतरली. भरल्या बैठकीत म्हणाली, "देव यायला तयार आहे, सरकार. पण आवतणाच्या अक्षता यजमानानं स्वतः, अनवाणी चालत येऊन द्याव्या लागतात. गड्याहाती आवतण धाडलं तर सोयरासुद्धा लग्नाला येत नाही. हा तर देव!"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? इनामदार निघाले. बसत, उठत, धापा टाकत वर पोचले. गार वाऱ्यानं जीव सुखावला. भैरोबापुढे हात जोडून ते कितीतरी वेळ उभे राहिले.

भागूबाईनं अक्षतांची वाटी पुढे केली. "द्या आवतण."

इनामदार खो खो हसले. "आता कशाला? भेट झाली की!"

"बरं. वाटी इथंच ठेवते, सरकार. पुन्हा वाटलं देवाला खाली न्यावं, तर या वर!"