न्हाणीतली गुळगुळीत फरशी

फार मागं, दगडही बोलायचे तेव्हाची गोष्ट. भिवबानं न्हाणी नवी करायला काढली, पण हात आखडता. भिंतीला लावायच्या गुळगुळीत फरशा स्वस्तात मिळाल्या, त्याच त्यानं खाली बसवल्या. न्हाणीतला जुना दगड उपटून दाराबाहेर टाकला.

फरशी हसली, "काय रे खडबड्या, म्हातारीच्या टाचा सोलल्यास ना इतकी वर्षं?"

दगड म्हणाला, "बाई गं, भिवबाची आई माझ्यावर पाय रोवून उभी राहायची. आता तू धर तिला."

"धरायला मी काय खुंटी आहे?"

दुसऱ्याच सकाळी साबणाच्या पाण्यावरनं म्हातारीचा पाय सटकला. ती पुन्हा उठली नाही.

"वय झालं होतं हो," भिवबा आल्यागेल्याला सांगायचा. फरशी सगळं ऐकायची. म्हातारीची सून तिला रोज पुसून लख्ख ठेवायची.